पँटच्या काठाखालचे बूट

मराठीत 'बूट' हा शब्द फार ऐसपैस वापरला जातो. इंग्रजीत तो घोटा झाकणाऱ्या, किंवा त्याहून वर पोटरीपर्यंत आणि गुडघ्यापर्यंत चढणाऱ्या पादत्राणापुरता मर्यादित आहे. मराठीत आल्यावर मात्र शाळेच्या काळ्या बुटांपासून खेळाच्या बुटांपर्यंत पाऊल झाकणारे सगळेच त्याने पोटात घेतले. प्रस्तुत लेखात तो मूळच्या मर्यादित अर्थाने घेतला आहे, कारण येथे विचार करायचा आहे तो युरोप आणि उत्तर अमेरिकेतील थंड हवेच्या शहरांत दिसणाऱ्या, संख्येने लहान पण अर्थाने मोठ्या अशा एका निवडीचा. काही पुरुष स्त्रियांसाठी बनवलेले, किंवा स्त्रियांच्या बुटांच्या घाटाचे, बूट रोजच्या वापरासाठी निवडतात, आणि निवडताना ते ऑफिसात, बसमध्ये किंवा दुकानाच्या रांगेत कुणाच्या डोळ्यांत भरणार नाहीत याची काळजी घेतात. सोमवारी सकाळी पायांत चढवायचा आणि टाच झिजली की दुरुस्तीला टाकायचा, असा हा जोड असतो. या काळजीपूर्वक साधेपणाकडे सहसा लपवाछपवी म्हणून पाहिले जाते, आणि जे अशा निवडीचे समर्थन करतात तेही या साधेपणाबद्दल काहीसे ओशाळून बोलतात. वस्तुतः तो साधेपणाचा आग्रह हाच या निवडीतला सर्वांत गंभीर आणि सर्वांत धीट भाग आहे.

असा एखादा बूट हातात घेऊन पाहिला म्हणजे 'बायकी' हा शिक्का नेमका कुठे उमटला आहे ते शोधणे अवघड जाते. चामडे काळे आणि गुळगुळीत, उंची घोट्याच्या वर चार बोटे, टाच सुमारे पाच सेंटिमीटरची पण रुंद आणि वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची, पुढचे टोक बदामासारखे निमुळते, आतल्या बाजूने चेन, असा एक बूट डोळ्यांपुढे आणावा. काळे चामडे दोन्हीकडे असते, आणि आतली चेन पुरुषांच्या बुटांतही आता सर्रास असते. अमेरिकेतील गुराख्यांच्या बुटाइतके पुरुषी पादत्राण त्या समाजात दुसरे मानले जात नाही, पण त्याची टाच जवळपास एवढीच उंच असते आणि टोक याहून टोकदार असते. मग फरक उरतो तो प्रमाणांत. पुरुषांच्या बुटात तळाची कड वरच्या चामड्याच्या थोडी बाहेर डोकावते आणि त्यामुळे पाऊल जड, जमिनीत रोवल्यासारखे दिसते. स्त्रियांच्या बुटात ती कड आत घेतलेली असते, चामडे किंचित पातळ असते, आणि घोट्यावर चढणारा भाग, ज्याला बुटाची नळी म्हणता येईल, तो पायाला लगटून बसतो. उरलेला फरक आवाजाचा. टाचेच्या तळाशी एक लहानशी चकती ठोकलेली असते; ती कडक प्लास्टिकची असली तर फरशीवर प्रत्येक पावलागणिक टक्-टक् ऐकू येते, रबराची असली तर टाच तीच राहूनही पाऊल मुके होते. ज्यांना हे बूट रोज घालायचे असतात ते ही चकती बदलून घेतात, आणि वर लांब, सरळ पँट घालतात. मग गुडघ्यापर्यंत चढणाऱ्या बुटाचाही फक्त पाऊलभर भाग बाहेर राहतो आणि पोटरीला घट्ट धरणारी नळी घालणाऱ्यापुरती उरते.

एवढ्या बारीक फरकांवर स्त्री-पुरुषांची सीमारेषा उभी असेल तर ती कधी आणि कशी आखली गेली हे पाहिले पाहिजे. उंच टाच मुळात घोडेस्वाराची. इराणी स्वार रिकिबीत उभे राहून बाण सोडत, आणि पाय रिकिबीतून निसटू नये म्हणून त्यांच्या बुटांना टाच असे. इराणचा शाह अब्बास पहिला याने १५९९ साली युरोपातील राजदरबारांकडे आपले शिष्टमंडळ पाठवले, आणि त्या सुमारास वाढलेल्या संपर्कातून ही टाच युरोपीय सरदारांच्या पायांत आली असे टोरांटोच्या बाटा शू म्युझियमच्या अभ्यासक एलिझाबेथ सेमेलहॅक यांनी मांडले आहे. युरोपीय स्त्रियांनी ती पुढे सतराव्या शतकात पुरुषांकडून उचलली. फ्रान्सचा चौदावा लुई याचे यासॅंत रिगो याने १७०१ साली रंगवलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात वृद्ध राजा पांढऱ्या मोज्यांतले पाय पुढे काढून, लाल टाचांचे जोडे घालून उभा आहे, आणि ते पाय पाहिले जावेत असाच चित्राचा हेतू आहे. त्या दरबारात टाच बायकी नव्हती. ती उच्चकुलीन होती, म्हणजे जो चिखलातून चालत नाही त्याची होती.

पुरुषांनी टाच, रेशीम आणि रंग का सोडले याचे एक उत्तर जॉन कार्ल फ्लूगल या मानसशास्त्रज्ञाने १९३० साली पोशाखाच्या मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य पुरुषाने सुंदर दिसण्याचा आपला हक्क सोडून दिला आणि केवळ उपयुक्त असण्यावर समाधान मानले, असे त्याचे प्रतिपादन. या घटनेला त्याने पुरुषांचा महान त्याग असे नाव दिले. पुढच्या इतिहासकारांनी या सिद्धांताला बरीच मुरड घातली आहे, आणि ती योग्यच आहे, कारण गणवेशातले सैनिक आणि छानछोकीचे तरुण एकोणिसाव्या शतकातही नटत होतेच. तरीही फ्लूगलच्या शब्दातील 'त्याग' ही कल्पना महत्त्वाची आहे. जे मुळात दुसऱ्याचे असते त्याचा कुणी त्याग करीत नाही. पुरुषाने टाच सोडली असेल तर ती आधी त्याची होती, आणि आज ती पुन्हा उचलणाऱ्यावर परक्या वस्तूला हात घातल्याचा आरोप ठेवण्यात अर्थ नाही.

वस्तू याच्या उलट दिशेनेही प्रवास करतात, आणि त्याचे उदाहरण आज जगभर पुरुषांच्या पायांत आहे. दोन्ही बाजूंना लवचीक रबरी पट्टी असलेला, नाडी नसलेला, घोट्याएवढा बूट आज चेल्सी बूट म्हणून ओळखला जातो. त्याचे श्रेय लंडनच्या जे. स्पार्क्स-हॉल या कारागिराला दिले जाते, जो व्हिक्टोरिया राणीचे बूट बनवीत असे आणि राणी हे बूट रोज घालून चालते हे आपल्या मालाची शिफारस म्हणून सांगत असे. चार्ल्स गुडइयर याला रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे अमेरिकन पेटंट १८४४ साली मिळाले, आणि ताणून पुन्हा जागेवर येणारे रबर हाताशी आल्यावर ही रचना पसरली. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी नाटकांचे आणि नृत्याचे बूट बनवणाऱ्या ॲनेलो अँड डाविडे या लंडनच्या दुकानाने बीटल्स या गायकवृंदासाठी त्याच घाटाला अधिक उंच, मागून तिरकी उतरणारी टाच लावली, आणि एका राणीच्या पायातला बूट, नर्तकांच्या टाचेसह, तरुण पुरुषांचा झाला. महाराष्ट्रालाही या लाटेचा पुढचा अंक पाहायला मिळाला: १९७० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर तरुण जाड तळाचे आणि उंच टाचेचे बूट घालून फिरत, आणि बेलबॉटमचा घेर त्या टाचेवर असा पडे की वाढलेली उंची तेवढी दिसावी, टाच दिसू नये. पँटच्या काठाखाली टाच झाकण्याची ही युक्ती त्या पिढीतल्या कितीतरी प्रतिष्ठित गृहस्थांनी वापरली आहे.

मग अडचण कुठे आहे? ती बुटात नाही, प्रवासाच्या दिशांना मिळणाऱ्या असमान वागणुकीत आहे. पॅरिसमध्ये १८०० साली असा आदेश निघाला होता की ज्या स्त्रीला पुरुषासारखा पोशाख करायचा असेल तिने पोलिसांची परवानगी घ्यावी. व्यवहारात तो कधीच मेला होता, पण तो रद्दबातल असल्याचे फ्रेंच सरकारने औपचारिकरीत्या जाहीर केले ते २०१३ साली. सॅन फ्रान्सिस्कोने १८६३ साली आपल्या लिंगाला न शोभणारा पोशाख करून सार्वजनिक जागी येणे हा गुन्हा ठरवला होता. हे नियम कागदोपत्री दोन्हीकडे किंवा एकीकडे लागू असोत, गेल्या शंभर वर्षांत स्त्रियांनी पँट, शर्ट, कोट, सपाट बूट हे सगळे आपलेसे केले आणि समाजाने कुरकुरत का होईना ते स्वीकारले. पुरुषांच्या बाजूने मात्र तितकी वस्त्रे पलीकडून आली नाहीत. याचे कारण मराठी भाषेत उघडपणे नोंदलेले आहे. 'मर्दानी' हे विशेषण स्त्रीला लावले की गौरव होतो आणि 'बायकी' हे पुरुषाला लावले की अपमान होतो; पुरुषाच्या भेकडपणावर बोट ठेवायचे असेल तर हातात बांगड्या भरायला सांगितले जाते. वरच्या पायरीवरच्याचे काही घेतले तर ती प्रगती आणि खालच्या पायरीवरच्याचे घेतले तर ती अधोगती, हा उतरंडीचा नियम येथे पोशाखाला लावलेला आहे. म्हणून पुरुषाने स्त्रियांच्या घाटाचा बूट घातल्यावर जी अस्वस्थता पसरते, तिच्यात त्या पुरुषापेक्षा स्त्रियांचाच अपमान अधिक भरलेला असतो. स्त्रीचे काही अंगावर येणे म्हणजे लहान होणे, हे गृहीत धरल्याशिवाय त्या अस्वस्थतेला आधारच उरत नाही.

आता साधेपणाच्या प्रश्नाकडे वळता येईल. डेबोरा टॅनन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ स्त्रीने १९९३ साली लिहिलेल्या एका लेखात भाषाशास्त्रातील 'चिन्हित' आणि 'अचिन्हित' ही जोडी पोशाखाला लावून दाखवली. शब्दाचे जे साधे, विशेष काही न सांगणारे रूप असते ते अचिन्हित, आणि प्रत्यय लागून जे काहीतरी वेगळे सूचित करते ते चिन्हित. शिक्षक म्हटले की कोणीही, शिक्षिका म्हटले की स्त्रीच. टॅनन यांचे निरीक्षण असे की सभेला आलेल्या पुरुषांना काहीच न सांगणारा पोशाख करता येतो, तर स्त्रीच्या बाबतीत केसांची ठेवण, टाच, सपाट जोडे, रंग, रंगाचा अभाव, यांतले प्रत्येक तिच्याविषयी काही सांगते असे मानले जाते आणि तिला अचिन्हित राहण्याची सोयच नसते. जो पुरुष भपकेबाज नसलेले, स्त्रियांच्या घाटाचे बूट निवडतो, त्याला हा अचिन्हितपणा सोडायचा नसतो, आणि त्या अचिन्हितपणाच्या आतच आपल्या आवडीच्या आकाराला जागा हवी असते. त्याला चालते-बोलते निवेदन व्हायचे नसते. हिशेबनीस, शिक्षक किंवा बसचालक म्हणूनच ओळखले जावे आणि पायांत जे आवडते ते असावे, इतकीच त्याची मागणी असते. ही मागणी लहान वाटते. पण ज्याला आपल्या प्रत्येक वस्तूचा जाहीर अर्थ द्यावा लागत नाही, तो माणूस खऱ्या अर्थाने मोकळा असतो, आणि ज्याला आपले वेगळेपण सतत घोषित केल्याशिवाय ते मिळतच नाही, त्याला मिळालेली मुभा अटींसह मिळालेली असते.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली सार्वजनिक जागांतील वर्तनावर लिहिताना एका साध्या सौजन्याला नाव दिले, ज्याला मराठीत सभ्य दुर्लक्ष म्हणता येईल. शहरात अनोळखी माणसे एकमेकांजवळून जाताना क्षणभर पाहतात, समोरच्याची दखल घेतल्याचे दाखवतात, आणि मग नजर काढून घेतात. निरखणे अपमानाचे आणि अजिबात न पाहणेही अपमानाचे, त्यांच्या मधल्या या वागण्यावर शहर चालते. साधा बूट या सौजन्यावर विसंबून असतो. पुष्कळदा कुणीतरी टाच पाहिलेली असते, घाट ओळखलेला असतो, आणि तरीही नजर निघून जाते. या क्षणी काही लपवलेले नसते, तर पाहूनही सोडून दिलेले असते. जो बूट कुणालाच दिसला नाही आणि दिसूनही ज्याचे काही वाटले नाही, त्यांच्यातील अंतर मोठे आहे, आणि रोजच्या वापरातून समाज पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकतो.

या भूमिकेवर दोन बाजूंनी आक्षेप येतात. परंपरेच्या बाजूने म्हटले जाते की ही फसवणूक आहे. याला उत्तर थोडक्यात देता येते: बूट घालणाऱ्याने पाहणाऱ्याला काहीही वचन दिलेले नाही, आणि पँटच्या आतल्या नळीची माहिती मिळणे हा कुणाचा हक्क नाही. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण तो ज्यांनी उघडपणे लढून मारहाण सोसली त्यांच्या बाजूने येतो. ते म्हणतात, जे लपूनछपून सोयीस्कर वागतात त्यांना मोकळी वाट मिळते ती आमच्यामुळे, आणि त्यांच्या गप्प राहण्याने सीमारेषा होती तिथेच राहते. यात तथ्य आहे, आणि साध्या बुटांच्या पुरस्कर्त्याने ते ऋण मान्य केले पाहिजे. मात्र उघडपणा आणि रोजचेपणा ही दोन वेगळी कामे आहेत. समाज पुरुषाच्या स्त्रीवेषाला अपवादात्मक जागा पूर्वीपासून देत आला आहे. बालगंधर्वांनी रंगभूमीवर साकारलेल्या स्त्रीभूमिका पाहून महाराष्ट्रातील कुलीन स्त्रियांनी लुगड्याच्या आणि दागिन्यांच्या तऱ्हा उचलल्या, एवढा त्या रूपाचा मान होता. आणि तरीही पडदा पडल्यावर ते रूप रंगभूमीवरच ठेवून यायचे असते, हा करार कुणी मोडला नाही. रंगमंचाच्या मखरात कितीही आदर मिळाला तरी त्याने मंगळवारी दुपारच्या ऑफिसातली जागा मिळत नाही. ती मिळते ती तेच बूट पुन्हापुन्हा, काहीही विशेष नसताना, घातल्यानेच.

आणखी एक प्रश्न आहे, ज्याच्याकडे या निवडीचे समर्थक फारसे वळत नाहीत. पुरुष ज्या टाचेकडे आवडीने जातो, तिच्यावर अनेक स्त्रिया सक्तीने उभ्या आहेत. लंडनमध्ये २०१५ साली एका स्वागतिकेला पहिल्याच दिवशी सपाट जोडे घालून आली म्हणून बिनपगारी घरी पाठवले गेले; दोन ते चार इंचांची टाच ही तिच्या कामाची अट होती. तिने संसदेकडे केलेल्या अर्जावर दीड लाखाहून अधिक लोकांनी सह्या केल्या. जपानमध्ये २०१९ साली अशाच सक्तीविरुद्ध स्त्रियांची चळवळ उभी राहिली. शिवाय शरीराचा हिशेब वेगळाच आहे. टाच उंचावली की भार पावलाच्या पुढच्या भागावर सरकतो, पोटरीचे स्नायू आखडलेल्या स्थितीत काम करतात, आणि टोक निमुळते असेल तर अंगठा शेजारच्या बोटांकडे ढकलला जाऊन त्याच्या मुळाशी हाड पुढे येण्याचा त्रास बळावतो. पुरुषाला हे बूट संध्याकाळी काढून उद्या न घालण्याची मुभा असते. ज्या स्त्रीची नोकरी त्यांवर अवलंबून आहे तिला ती नसते. ही विषमता मान्य केल्याने पुरुषाची आवड दोषी ठरत नाही, पण त्या आवडीवर एक जबाबदारी येते: ज्या ऑफिसात तो आपल्या टाचेसाठी सभ्य दुर्लक्षाची अपेक्षा करतो, त्याच ऑफिसात सपाट जोड्यांत आलेल्या सहकारी स्त्रीलाही तेच दुर्लक्ष मिळावे असा आग्रह त्याने धरला पाहिजे. दोघांची मागणी एकच आहे, की पायांवरून माणसाची परीक्षा होऊ नये.

या संदर्भात कारणे देण्याच्या सवयीबद्दलही बोलले पाहिजे. असे बूट घालणारे पुरुष विचारले असता सांगतात की त्यांचे पाऊल लहान आहे, किंवा पुरुषांच्या विभागात नळी पोटरीला बसत नाही, किंवा पाठीला बरे वाटते. काही वेळा हे खरेही असते. काहींच्या बाबतीत ही आपल्या लिंगभावाची अभिव्यक्ती असते, म्हणजे स्त्री किंवा पुरुष असण्याची जी आतली जाणीव असते तिला बाहेर रूप देणे. काहींना उंची हवी असते. आणि पुष्कळांना तो आकार केवळ सुंदर वाटतो. यांतले शेवटचे कारण सर्वांत कमी वेळा बोलले जाते, कारण फ्लूगलने सांगितलेला त्याग अजून पुरुषाच्या जिभेवर आहे: उपयुक्ततेची सबब पुढे केल्याशिवाय त्याला सौंदर्याची इच्छा कबूल करता येत नाही. घोट्याजवळ बारीक होत जाणारी रेषा चांगली दिसते, हे कारण पुरेसे आहे, आणि ते पुरेसे मानले जाईपर्यंत या विषयावरची चर्चा अर्धवटच राहील.

प्रत्यक्ष खरेदीत मात्र सौंदर्याआधी माप आडवे येते. ब्रिटिश पद्धतीत एक अंक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, युरोपीय पद्धतीत एक अंक म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, आणि या दोन्ही पट्ट्यांवर स्त्रीचे आणि पुरुषाचे पाऊल एकाच रांगेत मोजले जाते. अमेरिकन पद्धतीत तेवढे स्त्रियांचे अंक पुरुषांहून सुमारे दीडने पुढे असतात. तरीही बहुतेक दुकानांत स्त्रियांची मापे युरोपीय ४१ किंवा ४२ ला संपतात आणि मध्यम बांध्याच्या पुरुषाचे पाऊल नेमके तिथे सुरू होते. मिळालाच तर तो जोड ज्या साच्यावर ओढलेला असतो, म्हणजे पावलाच्या आकाराच्या ज्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या ठोकळ्यावर चामडे ताणून बूट घडवतात, तो साचा त्याच लांबीच्या पुरुषी साच्यापेक्षा टाचेशी आणि चवड्याशी अरुंद असतो. मग एक माप मोठे घ्यावे तर टाच आत सरकते, नेमके घ्यावे तर करंगळी दाबली जाते. रुंद साच्यावर तोच घाट थोड्या मोठ्या मापांपर्यंत बनवणे कारखान्याला अशक्य नाही. रुंद पावलाच्या स्त्रियांचीही त्यात सोय होईल, आणि त्या आज याच अडचणीमुळे पुरुषांच्या विभागात हिंडत असतात.

तोवर ज्यांना बसणारा जोड सापडतो ते तो जपून वापरतात. पहिल्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचे पांढरे डाग चामड्यावर चढतात आणि ओल्या फडक्याने पुसावे लागतात. बोटांच्या मागे, जिथे पाऊल वाकते तिथे, एक आडवी घडी पडते. नळी पोटरीच्या आकाराची होते. दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस टाचेची रबरी चकती बाहेरच्या कडेला झिजून तिरकी झालेली असते. दुरुस्तीवाला जोड उलटा करून अंगठ्याने ती कड चाचपतो, आणि पावतीवर लिहितो: काळे बूट, एक जोड, टाचा बदलणे, गुरुवारी.